एका यंत्राचीं दोन इंधनें

समईंत तेल कोणतें घालावें ह्याविषयीं समईचा स्वतःचा कांहीं आग्रह नसे. करडईचें तेल महागलें तर तिळाचें, तेंही न मिळालें तर एरंडीचें किंवा करंजाचें तेल घरांत येई, आणि कापसाची वात तितक्याच निमूटपणें जळत राही. पुढें घासलेट आलें. तें समुद्रापलीकडून आलें खरें. पण डबा एकदां घरांत आला म्हणजे दिवा पुन्हां घरधन्याच्याच स्वाधीन असे. विजेच्या दिव्यानें ही स्थिति पालटली. वीज ज्या क्षणीं उत्पन्न होते जवळजवळ त्याच क्षणीं ती खर्च व्हावी लागते. म्हणून घरांतला दिवा दूरवरच्या एखाद्या धरणाशीं किंवा कोळशाच्या भट्टीशीं अखंड तारेनें बांधला गेला. तार तुटली कीं घर अंधारांत. हें परावलंबन कमी करावें म्हणून मनुष्यानें जे उपाय केले, त्यांतील एक म्हणजे घरच्या उपयोगाचें, उचलून नेण्याजोगें आणि दोन निरनिराळ्या इंधनांवर चालणारें छोटें वीजजनित्र. पेट्रोल असेल तर पेट्रोलवर, नसेल तर स्वयंपाकाच्या वायूच्या जातीच्या वायूवर चालणारें हें यंत्र आज अमेरिकेंत हजारों घरांच्या पडवींत उभें आहे. त्याची कुळकथा मात्र बरीच जुनी असून तिचे धागे इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका आणि जपान ह्या पांच देशांतून आले आहेत.

इ. स. १८३१ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे ह्यानें असें दाखविलें कीं, लोहचुंबक व तांब्याची तार ह्यांची एकमेकांसापेक्ष हालचाल झाली कीं तारेंत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकें बांधण्याचा धंदा शिकत असतांना तीं पुस्तकें वाचून तो शहाणा झाला होता. दुसऱ्याच वर्षीं पॅरिस येथें हिपोलीत पिक्सी ह्या कारागिरानें हातानें फिरवावयाचें विजेचें यंत्र तयार केलें. पण नुसत्या लोहचुंबकावर मोठा प्रवाह मिळेना. यंत्रांतील विद्युच्चुंबकाला त्याच यंत्राची वीज पुरवावी, ही युक्ति १८६६–६७ च्या सुमारास जर्मनींत वेर्नर सीमेन्स ह्यास व इंग्लंडांत दुसऱ्या दोघांस जवळजवळ एकाच वेळीं सुचली. तेव्हांपासून डायनॅमो हें खरोखरीचें कामाचें यंत्र झालें. परंतु एक गोष्ट विसरतां कामा नये. डायनॅमो वीज निर्माण करतो म्हणण्यापेक्षां फिरण्याच्या शक्तीचें विजेंत रूपांतर करतो, असें म्हणणेंच यथार्थ होय. त्याला फिरविणारा कोणी तरी हवा. आणि ह्या फिरविणाराच्या पोटापाण्याचा प्रश्न हाच पुढील साऱ्या इतिहासाचा विषय आहे.

आरंभीं हा फिरविणारा म्हणजे वाफेचें इंजिन. त्याला बॉयलर हवा, भट्टी हवी, पाण्यावर लक्ष ठेवणारा माणूस हवा. घरांत ठेवण्याजोगी ही वस्तु नव्हे. ह्याला पर्याय निघाला तो दिवाबत्तीच्या वायूंतून. बंद भट्टींत दगडी कोळसा तापविला म्हणजे जळाऊ वायु निघतो. ह्या वायूनें विल्यम मर्डॉक ह्यानें १७९२ सालीं कॉर्नवॉलमधील रेड्रूथ येथें आपलें घर उजळलें होतें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांतील मोठ्या शहरांच्या रस्त्यांखालीं त्याचे नळ पसरले होते. १८६० सालीं पॅरिस येथें एतियेन लेन्वार ह्यानें हाच वायु हवेंत मिसळून नळकांड्याच्या आंत ठिणगीनें पेटविला आणि त्या धक्क्यानें दट्ट्या ढकलला. बाहेरच्या चुलीची गरजच उरली नाहीं. लेन्वारचें इंजिन फार खादाड निघालें. परंतु १८७६ सालीं निकोलाउस ओटो ह्यानें जर्मनींत मिश्रण ओढून घेणें, दाबणें, पेटविणें व धूर बाहेर टाकणें असा चार टप्प्यांचा क्रम बसविला आणि इंधनाचा खर्च पुष्कळच खालीं आणला. आजचें पेट्रोलचें छोटें इंजिन हें ह्या ओटोच्या इंजिनाचेंच वंशज होय. तेव्हां वायूवर चालणारें इंजिन ही नवी चूष आहे असें कोणास वाटत असेल तर तो भ्रम आहे. इंजिनाचें पहिलें अन्न वायूच. पेट्रोल मागाहून आलें.

वायूच्या इंजिनाचें पाऊल वायूच्या नळानें बांधलेलें असे. नळ जेथें संपे तेथें इंजिनाचें राज्य संपे. हें बंधन पातळ इंधनानें तोडलें. १८८५ सालीं गॉटलीप डाइम्लर व त्याचा सहकारी मायबाख ह्यांनीं पेट्रोलवर चालणारें हलकें व वेगवान् इंजिन सिद्ध केलें. त्यांत पेट्रोलची वाफ योग्य प्रमाणांत हवेंत मिसळून देणारा जो भाग असतो त्यास कार्बुरेटर म्हणतात. इकडे इंग्लंडांत व जर्मनींत घासलेटासारख्या जड तेलावर चालणारीं इंजिनें होऊं लागलीं. १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें रुडोल्फ डीझेल ह्याच्या इंजिनानें तर ठिणगीचीही गरज नाहींशी केली; हवा इतकी दाबावयाची कीं तिच्या उष्णतेनेंच तेल पेटावें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत ह्या जातीचें एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें. प्रेक्षकांपैकीं फारच थोड्यांच्या तें लक्षांत आलें, असें डीझेलनेंच पुढें नमूद केलें आहे. इंजिन एका इंधनासाठीं जन्मलें तरी त्याला दुसरें पचवितां येतें, हा धडा त्या काळींच मिळाला होता.

आतां घरांतील विजेकडे वळूं. १८८२ सालीं न्यूयॉर्कमधील मॅडिसन ॲव्हेन्यूवर जे. पियरपॉन्ट मॉर्गन ह्या प्रख्यात धनिकाच्या घरीं एडिसनच्या माणसांनीं विजेचे दिवे बसविले. शहरांत वीज विकत मिळण्याची सोय त्या भागांत नव्हती. म्हणून परसांतील तबेल्याखालीं खड्डा खणून त्यांत वाफेचें इंजिन व डायनॅमो ठेवला. दुपारीं तीनच्या सुमारास इंजिनवाला येई, वाफ धरी, आणि रात्रीं अकरा वाजतां घरीं जाई. अकराचे ठोके पडल्याचें विसरून मंडळी बोलत बसली तर दिवे अकस्मात् मालवत, व पाहुण्यांस मेणबत्त्या शोधाव्या लागत. शेजारच्या बाईंची तक्रार आली कीं इंजिनाच्या हादऱ्यानें आपलें घर थरथरतें. तेव्हां यंत्राखालीं रबराच्या जाड गाद्या घालाव्या लागल्या. एके रात्रीं तारांतील दोषामुळें अभ्यासिकेंतील मेज व गालिचा जळाला. घरच्या वीजयंत्राचा गोंगाट, त्याचा धूर, त्यावर राबणाऱ्या माणसाचे तास आणि आगीचें भय, ही चारही दुखणीं ह्या पहिल्याच प्रयोगांत प्रकट झालीं होतीं.

त्याच वर्षीं ४ सप्टेंबर रोजीं एडिसनचें पर्ल स्ट्रीटवरील वीजगृह सुरू झालें, आणि लोकांना दुसरा मार्ग दिसला. यंत्र एका ठिकाणीं, त्याची राखण करणारीं माणसें एका ठिकाणीं, आणि घरांत येते ती फक्त तार! शहरवासीयांस हा सौदा फारच सोयीचा वाटला. पुढील तीस वर्षांत शहरांतील खासगी यंत्रें एकामागून एक बंद पडलीं. मुंबईस ह्याच न्यायानें १९१५ सालापासून खोपोलीच्या जलशक्तीची वीज मिळूं लागली. परंतु तारा ओढण्याचा खर्च जेथें घरें दाट तेथेंच परवडे. मैल मैल अंतरावर विखुरलेल्या अमेरिकन शेतकऱ्याच्या घरांपर्यंत तार न्यावयास कंपन्या तयार होईनात.

ह्या शेतकऱ्यांसाठीं १९१६ सालीं ओहायो संस्थानांतील डेटन येथें 'डेल्को-लाइट' हें यंत्र बाजारांत आलें. त्याचा जनक चार्ल्स केटरिंग हा स्वतः शेतकऱ्याच्या घरांत जन्मलेला. मोटारगाडीला हातानें दांडा न फिरवितां विजेनें सुरू करण्याची सोय त्यानेंच चार वर्षांपूर्वीं कॅडिलॅक गाडींत आणली होती. डेल्को-लाइटचें छोटें इंजिन घासलेटावर चाले आणि कांचेच्या बरण्यांत ठेवलेल्या बॅटऱ्या भरी. त्या बत्तीस व्होल्ट दाबाची वीज देत. दिवसां इंजिन चालवावें, रात्रीं बॅटरीवर दिवे लावावे, असा क्रम असे. १९२० सालीं कोलर कंपनीनें बत्तीस नव्हे तर शहराप्रमाणेंच ११० व्होल्ट दाबाची वीज देणारें आणि घरांत दिव्याची कळ दाबतांच आपोआप सुरू होणारें यंत्र विकावयास काढलें. अशींच यंत्रें पुढें ॲडमिरल बर्ड ह्यानें दक्षिण ध्रुवाकडील आपल्या मोहिमेंत नेलीं. शेतकऱ्याची बायको ज्या यंत्रावर कपडे धुण्याचें यंत्र चालवी, त्याच जातीच्या यंत्रानें बर्फाच्या राज्यांत दिवा लावला.

तरीही हीं यंत्रें सर्वांस परवडणारीं नव्हतीं. १९३५ सालीं अमेरिकेंतील दहा शेतघरांपैकीं जेमतेम एका घरांत तारेची वीज होती. त्या वर्षीं अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं ग्रामीण विद्युतीकरणाचें खातें उघडलें, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांस कर्जें दिलीं, आणि पंधरा-वीस वर्षांत बहुतेक शेतांवर तारा पोंचल्या. डेल्कोचीं यंत्रें गोठ्यांत गंजत पडलीं. घरची वीज ही गोष्ट आतां कायमची इतिहासजमा झाली, असें त्या वेळीं कोणासही वाटलें असतें.

एका यंत्राला दोन इंधनें देण्याची कल्पना मात्र ह्या मधल्या काळांत दुसरीकडे वाढत होती. १९१७ पासून बनूं लागलेला हेन्री फोर्डचा 'फोर्डसन' ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू करावयाचा, आणि इंजिन तापलें कीं तोटी फिरवून स्वस्त घासलेटावर चालवावयाचा, अशी रीत होती. थंड इंजिनांत घासलेटाची वाफ नीट होत नाहीं, म्हणून ही दोन टाक्यांची योजना. पुढें दुसऱ्या महायुद्धानें ह्याहून कठीण परीक्षा घेतली. पेट्रोल सैन्यासाठीं राखून ठेवण्यांत आल्यामुळें युरोपांत लाखों मोटारी लांकडाच्या किंवा कोळशाच्या वायूवर चालूं लागल्या. गाडीच्या पाठीशीं लोखंडी भट्टी बसवावयाची, तींत कोळसा अपुऱ्या हवेंत जाळावयाचा, आणि निघणारा वायु गाळून इंजिनास पाजावयाचा. महाराष्ट्रांतही त्या युद्धकाळांत अशा कोळशाच्या मोटारी गांवोगांव धांवत होत्या. घांट चढतांना त्यांची दमछाक होई, कारण हा वायु पेट्रोलच्या मानानें दुबळा. परंतु बाजारहाट, टपाल व प्रवासी ह्यांची वाहतूक त्यांनीं बंद पडूं दिली नाहीं. ह्या वायूंतील मुख्य जळाऊ घटक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. हें नांव श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याच्याशीं पुन्हां गांठ पडावयाची आहे.

युद्ध संपल्यावर जपानांत एक मौजेची घटना घडली. १९४६ सालीं हामामात्सु येथील सोइचिरो होन्डा ह्या कारागिरास जपानी लष्कराच्या बिनतारी यंत्रांस वीज पुरविणारीं छोटीं इंजिनें पडून असलेलीं आढळलीं. त्यानें तीं सायकलींस जोडलीं. उध्वस्त देशांतील लोकांस स्वस्त वाहन मिळालें, आणि त्यांतूनच पुढें एक मोठी कंपनी उभी राहिली. गंमत अशी कीं, जनित्राच्या इंजिनापासून सुरू झालेली ही वाट वीस वर्षांनीं पुन्हां जनित्राकडेच आली. १९६५ सालीं ह्याच कंपनीनें 'ई-३००' नांवाचें, एका माणसास हातांत धरून नेतां येईल असें तीनशे वॅट शक्तीचें जनित्र विकावयास काढलें. मॉर्गनच्या तबेल्याखालीं जें यंत्र खड्डा खणून बसवावें लागलें होतें, त्याचें काम करणारी वस्तु आतां प्रवासाच्या पेटीसारखी दिसूं लागली.

दुसऱ्या इंधनाची हकीकतही तितकीच मनोरंजक आहे. १९१० सालीं अमेरिकेच्या सरकारी खाण-खात्यांतील रसायनज्ञ डॉ. वॉल्टर स्नेलिंग ह्याच्याकडे मोटारींतील पेट्रोलची वाफ टाकींतून उडून जाते, हें काय गौडबंगाल आहे, असा प्रश्न आला. तपास करतां त्यास आढळलें कीं त्या पेट्रोलमध्यें प्रोपेन, ब्यूटेन इत्यादि वायु विरघळलेले असून ते निसटून जातात. हे वायु थोड्या दाबाखालींच पातळ होतात, आणि तोटी उघडतांच पुन्हां वायुरूप धारण करतात. म्हणजे नळावांचून वायु कोठेंही नेण्याची सोय झाली! मुंबईस १९५५ च्या सुमारास घरगुती स्वयंपाकासाठीं अशा वायूचीं सिलिंडरें येऊं लागलीं, आणि आज तीं खेड्यापाड्यांतील चुलीपाशींही दिसतात. अमेरिकेंत उघड्या अंगणांत मांस भाजण्याच्या शेगडीसाठीं वीस पौंडी, म्हणजे सुमारें नऊ किलोचें, सिलिंडर घरोघर असतें. दुसरें इंधन असें दारांतच येऊन उभें होतें. तें इंजिनास जोडण्याची निकड मात्र संकटांनीं उत्पन्न केली.

९ नोव्हेंबर १९६५ रोजीं सायंकाळीं कॅनडांतील एका वीजगृहांतलें संरक्षक उपकरण प्रमाणाबाहेर लवकर तुटलें, आणि कांहीं मिनिटांत न्यूयॉर्कसह सुमारें तीन कोटि लोक अंधारांत सांपडले. १४ ऑगस्ट २००३ रोजीं ओहायोमधील तारा झाडांस टेंकल्या, आणि ह्या वेळीं पांच कोटि लोकांची वीज गेली. जाळें जितकें मोठें तितकें कार्यक्षम, हें खरें; पण एक गांठ सुटली तर उसवतेंही तितकेंच, हें लोकांस कळून चुकलें. पेट्रोलवर चालणारीं घरगुती जनित्रें पुष्कळांनीं घेतलीं. मग २९ ऑक्टोबर २०१२ रोजीं 'सँडी' हें वादळ न्यूजर्सीच्या किनाऱ्यावर आदळलें. ऐंशी लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. ज्यांच्या घरीं जनित्रें होतीं ते हायसें वाटून घेतात न घेतात तोंच पेट्रोल मिळेनासें झालें. बंदरें बंद असल्यामुळें पुरवठा तुटला होता. आणि पुष्कळ ठिकाणीं तर पंपाखालच्या टाकींत पेट्रोल भरलेलें असून तें वर उपसावयास वीज नव्हती! लोक लाल डबे घेऊन थंडींत तासन् तास रांगांत उभे राहिले. न्यूजर्सीच्या बारा परगण्यांत ३ नोव्हेंबरपासून, आणि न्यूयॉर्क शहरांत ९ नोव्हेंबरपासून, गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा आंकडा सम कीं विषम हें पाहून एक दिवसाआड पेट्रोल देण्याचा नियम करावा लागला. विजेच्या अभावीं उपयोगी पडावें म्हणून घेतलेलें यंत्र विजेच्याच अभावीं उपाशी राहिलें. त्याच वेळीं कित्येकांच्या अंगणांत प्रोपेनचीं भरलेलीं सिलिंडरें स्वस्थ उभीं होतीं.

दोन इंधनांचीं उचलतीं जनित्रें त्या दशकांत अमेरिकेच्या बाजारांत सर्रास दिसूं लागलीं, ह्याचें मर्म ह्या प्रसंगांत आहे. त्यांची रचना समजण्यास कठीण नाहीं. इंजिन ओटोच्याच चालीचें. त्याच्या कार्बुरेटरास दोन वाटा असतात: एकींतून पेट्रोल येतें, दुसरींतून सिलिंडरचा वायु. सिलिंडरमधील दाब फार म्हणून वाटेंत तो उतरविणारी झडप बसविलेली असते, आणि इंजिन जेवढें ओढील तेवढाच वायु ती सोडते. कळ फिरवून एक वाट बंद व दुसरी खुली करावयाची. पेट्रोलचे गुण असे कीं तें थोड्या जागेंत पुष्कळ शक्ति सांठवितें आणि कडक थंडींतही कामास येतें. दोष असा कीं कांहीं महिने पडून राहिल्यास तें शिळें होतें, त्याचा चिकट थर कार्बुरेटरांतील बारीक छिद्रांत बसतो, आणि ऐन संकटांत यंत्र सुरू होत नाहीं. प्रोपेन वर्षानुवर्षें बिघडत नाहीं व स्वच्छ जळतो. पण त्याच्या एका लिटरमध्यें पेट्रोलच्या सुमारें तीन चतुर्थांशच शक्ति असते. वायुरूपानें तो नळकांड्यांतील हवेची कांहीं जागा अडवितो, म्हणून त्यावर यंत्राची ताकद सुमारें एक दशांशानें उतरते. आणि शून्याखालीं बेचाळीस अंशांवर तो उकळतो, त्यामुळें अतिशय थंडींत सिलिंडरांतून पुरेसा वायु निघत नाहीं. एकाचें उणें तें दुसरें भरून काढतें, हेंच ह्या जोडीचें खरें मोल होय. खरेदी करणारानें मात्र वायूवरील ताकदीचा आंकडा पाहून हिशेब करावा. शीतकपाट किंवा पाण्याचा पंप सुरू होण्याच्या क्षणीं नेहमींच्या कित्येक पट वीज मागतो, हेंही त्यानें धरून चालावें.

यंत्राची एवढी स्तुति झाल्यावर त्याच्या अंगचें विष सांगणें प्राप्त आहे. कोणतेंही इंधन जाळा, इंजिनाच्या धुरांतून कार्बन मोनॉक्साइड निघतोच. वायु स्वच्छ जळतो म्हणून त्याचा धूर निरुपद्रवी, ही समजूत घातक आहे. ह्या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील ज्या तांबड्या द्रव्यानें प्राणवायु वाहून नेला जातो, त्याला हा प्राणवायूहून दोनशे पटींपेक्षां अधिक जोरानें चिकटतो. इंग्लंडांतील शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन ह्यानें १८९० नंतरच्या दशकांत हा वायु स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून अभ्यासिला. वेल्समधील खाणींतील स्फोटानंतर बळी पडलेल्या कामगारांची तपासणी करून, पुष्कळजण ज्वाळांनीं नव्हे तर ह्या वायूनें मेले, असें त्यानें दाखवून दिलें. माणसाआधीं गुदमरणारा लहानसा पक्षी खाणींत बरोबर न्यावा, ही सूचनाही त्याचीच. एवढें ज्ञान शंभर वर्षांपूर्वीं हातीं असून अमेरिकेंत प्रत्येक मोठ्या वादळानंतर घरांत, तळघरांत किंवा मोटारीच्या खोलींत जनित्र चालविल्यामुळें माणसें झोपेंतच दगावत आलीं आहेत. २०२० सालच्या 'लॉरा' वादळांत लुइझियानामधील मृत्यूंचा मोठा भाग ह्या वायूचा होता. वारा व पाऊस ह्यांतून वांचलेले लोक दिव्याच्या सोयीनें मेले. २००७ पासून तेथें प्रत्येक जनित्रावर धोक्याची सूचना छापणें सक्तीचें झालें, आणि २०१८ च्या मानकांनंतर हा वायु सांचतांच आपोआप बंद पडणारीं यंत्रें निघालीं. तथापि मुख्य नियम साधा आहे. यंत्र घराबाहेर, दारें-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर असावें आणि धुराचें तोंड घराकडे नसावें. मग पाऊस असो कीं चोरीचें भय असो.

दुसरा धोका घरमालकापेक्षां परक्यास अधिक. कित्येक लोक जनित्राची तार सरळ भिंतींतल्या खोबणींत खुपसून सारें घर उजळतात. ती वीज घरांतून उलट रस्त्यावरच्या तारेंत शिरते. गल्लींतील रोहित्र जसें हजारों व्होल्टांचा दाब उतरवून घरास देतें, तसेंच उलट दिशेनें घरचा दाब हजारोंवर चढवितें. वीज गेली आहे असें समजून खांबावर चढलेला तारवाला त्या तारेस हात लावतो. आपल्या घरीं वीज यावी म्हणून वादळांत राबणाऱ्या माणसाचा जीव आपल्याच दिव्यानें घ्यावा, ह्यासारखें दुर्दैव नाहीं. म्हणून घराची जोडणी एक तर बाहेरच्या तारेशीं असावी, नाहीं तर जनित्राशीं. दोन्हींशीं एकाच वेळीं कधींही नसावी. ही अदलाबदल करणारी कळ जाणत्या कारागिराकडून बसवून घेणें हें यंत्राच्या किंमतींतच धरलें पाहिजे.

महाराष्ट्रासही दोन इंधनांच्या यंत्राची ओळख आहे, पण निराळ्या वाटेनें. गांवोगांव तंबू ठोकून सिनेमा दाखविणारे आपलें जनित्र बरोबर घेऊन हिंडत, आणि पुष्कळ खेड्यांनीं विजेचा पहिला दिवा पाहिला तो त्या तंबूंत. पुढें पेट्रोलवर सुरू करून घासलेटावर चालविण्याचीं छोटीं जनित्रें दुकानांसमोर फुटपाथवर घरघरूं लागलीं. फोर्डसन ट्रॅक्टरचीच ही रीत. इ. स. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत राज्यांत भारनियमन इतकें वाढलें कीं तो घरघराट बाजारपेठेचा नित्याचा सूर झाला. ह्याच काळांत, २००६ सालीं, पुण्यांत एक विचारी प्रयोग झाला. कारखान्यांनीं मागणीच्या ऐन वेळीं आपलीं स्वतःचीं जनित्रें चालवावीं, त्यामुळें वांचलेली वीज शहरास मिळावी, आणि जादा खर्च ग्राहकांनीं दरांतून सोसावा, अशी ती योजना होती. ज्याच्या घरीं यंत्र त्याच्याच घरीं दिवा, ह्या न्यायास त्यानें थोडा तरी पर्याय दाखविला. वायूच्या बाबतींत मात्र येथील स्थिति अमेरिकेहून भिन्न आहे. भारतांत स्वयंपाकासाठीं मिळणारें घरगुती सिलिंडर दुसऱ्या कामास वापरण्यास कायद्यानें बंदी आहे. शिवाय हा वायु हवेहून जड असल्यामुळें गळाल्यास जमिनीलगत सांचतो, आणि जनित्राची एक ठिणगी त्यास पुरते.

फॅरडेपासून आजतागायतच्या ह्या वाटचालींत एक गोष्ट स्पष्ट दिसते. मनुष्यानें आधीं प्रत्येक घरचें यंत्र टाकून देऊन सर्वांचें मिळून एक मोठें यंत्र केलें, आणि तें योग्यच केलें. कारण त्यामुळेंच गरिबाच्या झोंपडींत वीज आली. छोटें जनित्र त्या मोठ्या यंत्राची जागा कधींही घेऊं शकणार नाहीं. त्याची वीज महाग, त्याचा आवाज शेजाऱ्यास तापदायक, आणि त्याचा धूर विषारी. त्याची जागा रुग्णाच्या प्राणवायूच्या यंत्राशेजारीं, औषधांच्या शीतकपाटाशेजारीं, पुरांत वेढलेल्या घराच्या पंपाशेजारीं, आणि तीही कांहीं तासांपुरती आहे. ह्या थोड्या तासांसाठीं दुसरें इंधन हाताशीं ठेवणें हें शहाणपण होय. परंतु तें यंत्र महिन्यांतून एकदां चालवून पाहणें, शिळें पेट्रोल काढून टाकणें, आणि तें घरापासून वीस फूट दूर ठेवण्याचा कंटाळा न करणें, हें त्याहून मोठें शहाणपण होय. समईला तेल कोणतेंही चाले. पण वात नीट करणारा हात मात्र रोज लागेच.